63 टचडाऊन, 645 गुण: जेरी जेम्सची कारकीर्द कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी विकिपीडियासाठी कॅनडाच्या जेरी जेम्स या फुटबॉलपटूवर लेख लिहायला घेतलाय. एका ठिकाणी तो ‘हाफबॅक’ आहे, दुसरीकडे ‘रनिंग बॅक’ आणि तिसरीकडे ‘किकर’. गुणांचा हिशेबही जुळत नाही. तक्त्यात 63 टचडाऊन, 143 कन्व्हर्ट, 40 फील्ड गोल आणि 21 सिंगल दिसतात. टचडाऊनचे सहा गुण धरले तर बेरीज 662 येते, पण छापलेला आकडा 645 आहे. शिवाय नॅशनल हॉकी लीगचे 149 सामनेही याच नावावर आहेत. मग हा माणूस एक की दोन? आणि 5,554 यार्ड हा आकडा मोठा म्हणायचा की सामान्य?

माणूस एकच. तुमची बेरीज बरोबर आहे आणि छापलेला आकडाही बरोबर आहे. मधल्या 17 गुणांचं उत्तर खाली देतो, कारण ते एकदा समजलं की बाकीच्या बऱ्याच गाठी आपोआप सुटतात. आधी शब्द: हा फुटबॉल चेंडू हातात घेऊन पळण्याचा आहे. चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, नेला की टचडाऊन. त्यानंतर लाथेने मिळवलेला जादा एक गुण म्हणजे कन्व्हर्ट. गोलखांबांमधून लाथेने मारलेला तीन गुणांचा चेंडू म्हणजे फील्ड गोल. सिंगलचं पुढे येईलच.

त्याआधी एक गोष्ट. तुमच्यापुढचा तक्ता आजच्या खेळाच्या रकान्यांत बसवलेला आहे आणि खेळाडू 1950 च्या दशकातला आहे. तेव्हाचा हाफबॅक एकाच सामन्यात चेंडू घेऊन पळायचा, पास झेलायचा, लाथेने चेंडू मारायचा, समोरच्याने मारलेला चेंडू घेऊन परत पळायचा आणि गरज पडली तर बचावालाही उभा राहायचा. आज ही पाच माणसांची कामं आहेत. क्रिकेटमधल्या अष्टपैलू खेळाडूची फक्त फलंदाजीची सरासरी बघून निकाल दिला तर जे होईल, तेच इथे होतं. म्हणून अशी कारकीर्द तपासताना मी आधी यार्डांकडे बघत नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या कामासाठी हा माणूस मैदानावर होता, ते आधी लिहून काढतो.

आता ते 17 गुण. कॅनेडियन फुटबॉलमध्ये 1955 पर्यंत टचडाऊनला पाच गुण होते, 1956 पासून सहा झाले. जेम्स 1952 मध्ये विनिपेग ब्लू बॉम्बर्सकडे आला. म्हणजे त्याचे पहिले चार हंगाम पाच गुणांच्या काळातले आहेत. तुमची बेरीज पुन्हा मांडू: 63 गुणिले 6 म्हणजे 378. त्यात 143 कन्व्हर्टचे 143, 40 फील्ड गोलचे 120 आणि 21 सिंगलचे 21. एकूण 662. छापील आकडा 645. फरक 17. प्रत्येक जुन्या टचडाऊनमागे एक गुण जास्त धरला गेलाय, म्हणजे 1952 ते 1955 या चार हंगामांत मिळून 17 टचडाऊन असले पाहिजेत आणि उरलेले 46 त्यानंतरचे. वर्षवार तक्ता काढा आणि पहिल्या चार ओळींची बेरीज करा. 17 आली तर तुमच्या हातातला तक्ता आतून एकसंध आहे असं समजा. 16 किंवा 18 आली तर कुठेतरी प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) टचडाऊन हंगामात मिसळलाय किंवा एखादा सिंगल सुटलाय. हा ताळा दोन मिनिटांचा आहे, पण 1956 च्या अलीकडे-पलीकडे खेळलेल्या कुणाही खेळाडूसाठी तो केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘सिंगल’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागेल, कारण अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्यालाही तो ठाऊक नसतो. लाथेने मारलेला चेंडू समोरच्या संघाच्या एंड झोनमध्ये गेला आणि त्यांना तो तिथून बाहेर काढता आला नाही, तर मारणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. त्यालाच ‘रूज’ असंही म्हणतात. चुकलेल्या फील्ड गोलवरही तो मिळू शकतो आणि पंटवरही (हातातून सोडून लाथेने दूर मारलेला चेंडू). जेम्सच्या नावावरचे 21 सिंगल म्हणजे अशा 21 लाथा. हे गुण पळण्याच्या रकान्यात कधीच दिसत नाहीत. आणि ते किरकोळ समजू नका. 1947 चा ग्रे कप (कॅनेडियन फुटबॉलचा अजिंक्यपदाचा सामना) टोरोंटो आर्गोनॉट्सने विनिपेगविरुद्ध 10–9 असा जिंकला, तो अगदी शेवटच्या क्षणी जो क्रोलने मिळवलेल्या एका सिंगलवर.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जेम्सच्याच संघाचं आहे: 28 नोव्हेंबर 1959 चा ग्रे कप, टोरोंटोत. विनिपेग 21, हॅमिल्टन 7. हे 21 गुण सोडवून बघा. चार्ली शेपर्ड आणि अर्नी पिट्स यांचा एकेक टचडाऊन, म्हणजे 12. जेम्सचा एक फील्ड गोल, 3. जेम्सचेच दोन कन्व्हर्ट, 2. आणि शेपर्डचे चार सिंगल, 4. झाले 21. यात जेम्सचा टचडाऊन एकही नाही, तरी त्याच्या पायातून पाच गुण आले. शेपर्ड तर चेंडू घेऊन पळणाऱ्या पिछाडीचाच माणूस. एक टचडाऊन पळून आणि चार गुण नुसत्या लाथेने. पळण्याचे यार्ड मोजणाऱ्या तक्त्यात या दुपारचा अर्धा खेळ गायब होतो.

आता ‘हाफबॅक’ या शब्दाकडे येऊ. कॅनेडियन खेळात एका बाजूला 12 खेळाडू असतात. जुन्या मांडणीत क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, पास टाकणारा), त्याच्या मागे फुलबॅक, दोन हाफबॅक आणि ‘फ्लाइंग विंग’ नावाचा एक फिरता गडी, अशी पिछाडी असायची. पुढे पासचा खेळ वाढला तसा एक हाफबॅक बाजूला सरकून झेलणारा झाला आणि उरलेल्याला रनिंग बॅक हे नाव पडलं. म्हणून आजची संकेतस्थळं जेम्सला रनिंग बॅक म्हणतात. चूक नाही, पण तो शब्द मागाहून चिकटवलेला आहे. लेखात हाफबॅकच लिहा आणि एका वाक्यात खुलासा करा.

इथे एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात. कॅनडात बचावफळीतही ‘हाफबॅक’ असतो आणि ते नाव आजही चालू आहे. त्यामुळे जुन्या संघयादीत नावापुढे फक्त हाफबॅक असेल तर तो चढाईतला की बचावातला, हे त्या शब्दावरून कळत नाही. एडमंटनचा रोली माइल्स दोन्हीकडचा होता. त्याचा ऑल-स्टार बहुमान कधी चढाईतला आहे तर कधी बचावातला. अशा वेळी सामन्याचं वर्णन उघडून बघायचं: नाव चेंडू घेऊन पळण्याच्या यादीत आहे की पास अडवण्याच्या? दोन्ही यादींत असेल तर तसंच लिहायचं. एक जागा निवडायच्या नादात खरी माहिती फेकून देऊ नये.

दोन्हीकडे खेळण्याचा अर्थ काय, हे 1954 च्या ग्रे कपमधली एक चाल पाहिली की लक्षात येतं. 27 नोव्हेंबर, टोरोंटोचं व्हार्सिटी स्टेडियम. माँट्रियल अलुएट्स 25–20 ने पुढे, सामना संपायला जेमतेम तीन मिनिटं आणि चेंडू माँट्रियलकडे, तोही एडमंटनच्या गोलरेषेच्या जवळ. माँट्रियलचा हाफबॅक चक हनसिंगर याच्या हातून चेंडू सुटला. एडमंटनच्या जॅकी पार्करने तो उचलला आणि 90 यार्ड पळत नेला. 25–25. मग बॉब डीनचा कन्व्हर्ट, 26–25. पार्कर त्या वर्षी एडमंटनच्या चढाईतला हाफबॅक होता आणि या चालीच्या वेळी बचावात उभा होता. दोन वेगळे संच असते तर तो तेव्हा बाकावर बसलेला असता. हनसिंगरने पास टाकायचा प्रयत्न केला होता की चेंडू सुटला होता, यावर वाद झाला, पण निकाल तोच राहिला. आणखी एक गोष्ट बघा: टचडाऊनला पाच गुण होते म्हणून इथे बरोबरी झाली. सहाच्या हिशेबाने ही चाल पुन्हा मोजायला गेलात तर काहीच जुळणार नाही.

पार्करच्या त्या 90 यार्डांचं काय झालं? ते पळण्याच्या यार्डांत नाहीत, कारण ती सुटलेला चेंडू उचलून केलेली धाव होती. हंगामाच्या आकड्यांतही नाहीत, कारण ग्रे कप हंगामात धरत नाहीत. कॅनेडियन फुटबॉलमधली बहुधा सगळ्यात प्रसिद्ध धाव त्या माणसाच्या हंगामी तक्त्यात शोधून सापडणार नाही.

आता तुमचा यार्डांचा प्रश्न. जेम्सचे 995 वेळा चेंडू घेऊन 5,554 यार्ड, म्हणजे दर वेळी सुमारे 5.6. अमेरिकेतल्या आकड्यांची सवय असलेल्याला हे अचाट वाटतं, कारण तिथे 4 ची सरासरी असलेला चांगला समजतात. पण मैदान वेगळं, नियम वेगळे. कॅनडाचं मैदान 110 यार्ड लांब आणि 65 यार्ड रुंद. अमेरिकेचं 100 आणि 53 च्या आसपास. कॅनडात बचावाच्या पुढच्या फळीला चेंडूपासून एक यार्ड मागे उभं राहावं लागतं. चाल सुरू व्हायच्या आधीच पिछाडीचे खेळाडू पळत येऊ शकतात. एवढी मोकळी जागा आणि वेग मिळाला की सरासरी वाढणारच. दुसऱ्या बाजूला, 10 यार्डांसाठी चारऐवजी तीनच डाऊन (प्रयत्न) मिळतात आणि तिसऱ्यावर बहुतेक वेळा पंट मारून मोकळं व्हावं लागतं. म्हणजे चालींची संख्या कमी आणि प्रत्येक चालीची किंमत जास्त. 1983 चा विश्वचषक 60 षटकांचा होता आणि आजचा 50 चा, हे विसरून कुणी धावसंख्या शेजारी-शेजारी मांडत नाही. इथेही तेवढीच काळजी घ्यावी.

तुलना करायचीच तर त्याच काळातल्या, त्याच विभागातल्या माणसांशी करावी. जेम्सचा सहकारी लिओ लुईस: 1955 ते 1966, 8,861 यार्ड, सरासरी 6.6. एडमंटनचा फुलबॅक नॉर्मी क्वाँग: 9,022 यार्ड. एडमंटनचाच जॉनी ब्राइट: 10,909. या ओळीत जेम्सचा 5,554 मधल्या फळीतला दिसतो. एकूण यार्डांच्या बाबतीत तो त्या काळातला सर्वांत मोठा नव्हता, हे लेखात सरळ लिहायला हरकत नाही.

आता हंगामवार बघा. 1955 मध्ये 189 वेळा चेंडू घेऊन 1,205 यार्ड. 1957 मध्ये 197 वेळा 1,192 यार्ड आणि पळून केलेले 18 टचडाऊन. त्याचे कारकिर्दीतले पळून केलेले टचडाऊन 57 आहेत. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश एकाच वर्षातले. हा 18 चा विक्रम 43 वर्षं टिकला. 1981 मध्ये जिम जर्मनीने त्याची बरोबरी केली आणि 2000 मध्ये माइक प्रिंगलने 19 करून तो मोडला. प्रिंगलच्या काळात हंगाम 18 सामन्यांचा होता, जेम्सच्या वेळी पश्चिम विभागाचा 16 चा. सामन्यांत भागून बघितलं तर 18 भागिले 16 म्हणजे 1.13 आणि 19 भागिले 18 म्हणजे 1.06. नुसतं ‘प्रिंगलने विक्रम मोडला’ एवढं लिहून थांबलात तर वाचकाला अर्धीच गोष्ट कळेल.

त्याच 1957 मध्ये ब्राइटने 1,679 यार्ड केले, जेम्सपेक्षा जवळपास 500 जास्त. मग टचडाऊन जेम्सकडे एवढे का? गोलरेषेजवळ पोचल्यावर चेंडू कुणाच्या हातात द्यायचा हा संघाचा निर्णय असतो, आणि विनिपेगने तो जेम्सच्या हातात दिला. टचडाऊनची संख्या म्हणूनच वेगाची किंवा ताकदीची सरळ मोजणी नसते. संघाचा विश्वास कुणावर होता, ते ती सांगते. मला तरी 1957 चं वर्ष असंच वाचायला आवडतं: 1,192 यार्ड चांगले आहेत, पण 18 वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे न्यायला याच माणसाला बोलावलं, ही जास्त बोलकी गोष्ट आहे. त्या हंगामाचा शेवट मात्र ग्रे कपमध्ये हॅमिल्टनकडून 32–7 अशा पराभवात झाला.

नोंदी कधीपासूनच्या आहेत तेही पाहावं लागतं. पश्चिम विभागातली यार्डांची पद्धतशीर मोजणी 1950 पासूनची आहे, पूर्वेची 1954 पासूनची. जेम्स 1952 ला आला म्हणून त्याचा तक्ता पूर्ण आहे. क्वाँग 1948 पासून खेळत होता, त्यामुळे त्याच्या 9,022 मध्ये सुरुवातीचे हंगाम नाहीत. टोरोंटोचा हाफबॅक रॉयल कोपलंड किंवा माँट्रियलचा व्हर्जिल वॅग्नर यांच्यावर उद्या लेख लिहिलात तर यार्डांचा रकाना बराचसा रिकामा मिळेल. तिथे शून्य भरू नका, रेघ मारा. शून्य म्हणजे पळून यार्ड केले नाहीत. रेघ म्हणजे कुणी मोजले नाहीत. विकिपीडियाच्या साच्यात रिकामी जागा कधीकधी आपोआप 0 होते, तेवढं जतन करण्याआधी पाहून घ्या.

पूर्व आणि पश्चिम यांच्यात हंगामाची लांबीही सारखी नव्हती. 1973 पर्यंत पश्चिमेकडे 16 सामने आणि पूर्वेकडे 14. म्हणून माँट्रियलच्या हाफबॅकचे 1,000 यार्ड आणि विनिपेगच्या हाफबॅकचे 1,000 यार्ड सारखे नाहीत. पश्चिमेची अंतिम फेरी तीनपैकी दोन सामने जिंकण्याची असायची. म्हणजे चांगल्या संघाचा हाफबॅक 16 सामन्यांनंतर आणखी चार-पाच सामने खेळून मग ग्रे कपला पोचायचा. ती झीज तक्त्यात कुठेच येत नाही.

परतीच्या यार्डांवर थोडं. पंट घेऊन परत पळताना त्या काळी साथीदारांना पुढे येऊन अडवायची परवानगी नव्हती. ती 1975 मध्ये मिळाली. शिवाय कॅनेडियन खेळात हात वर करून ‘मी फक्त झेलतो, मला पाडू नका’ असं सांगायची सोयच नाही. पाच यार्डांची मोकळीक मिळते, तेवढीच. त्यामुळे 1950 च्या दशकातल्या पंट-परतीच्या सरासऱ्या तोकड्या दिसल्या तर खेळाडू मंद होता असा अर्थ काढू नका.

आता ज्या गोष्टीमुळे जेम्स मोठा ठरतो आणि जी कोणत्याही रकान्यात येत नाही, ती सांगतो. कॅनेडियन संघांना अमेरिकेतून आणलेल्या खेळाडूंची संख्या मर्यादित ठेवावी लागते. त्या काळी त्यांना ‘इम्पोर्ट’ म्हणत. चेंडू हाताळणाऱ्या जागा बहुधा त्यांनाच मिळायच्या, कारण अमेरिकेतल्या कॉलेजांतून तयार होऊन आलेले ते गडी असत. अशा वेळी 1,200 यार्ड पळणारा हाफबॅक जर घरचाच कॅनेडियन निघाला, तर संघाची एक इम्पोर्टची जागा मोकळी राहते आणि ती दुसरीकडे वापरता येते. विनिपेगने तेच केलं. जेम्स कॅनेडियन, त्याच्या शेजारी लुईस अमेरिकन, पुढे क्वार्टरबॅक केन प्लोएन अमेरिकन. वर जेम्स लाथही मारायचा, म्हणजे वेगळा किकर बाळगायची गरज नाही. प्रशिक्षक बड ग्रँटच्या हाताखाली या संघाने 1958, 1959, 1961 आणि 1962 चे ग्रे कप जिंकले, त्यामागे हा हिशेबही होता.

सर्वोत्कृष्ट कॅनेडियन खेळाडूचं शेनली पारितोषिक 1954 मध्ये सुरू झालं आणि त्याचा पहिला मानकरी जेम्स होता. तेव्हा त्याने नुकतीच विशी गाठली होती. 1957 मध्ये ते पुन्हा त्यालाच मिळालं. लेखात हे पारितोषिक ‘सर्वोत्कृष्ट खेळाडू’ असं लिहू नका. तो वेगळा बहुमान होता आणि 1957 मध्ये तो पार्करला मिळाला. मराठीत ‘कॅनेडियन’ हा एक शब्द गळला की वाक्य खोटं होतं.

हॉकीचे (बर्फावरच्या) 149 सामनेही त्याचेच. टोरोंटो मेपल लीफ्सकडून, 1954-55 ते 1959-60. 14 गोल आणि 26 असिस्ट. आकडे छोटे आहेत, पण संदर्भ लावून वाचा. हॉकीचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायचा आणि 70 सामन्यांचा असायचा. विनिपेग नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत ग्रे कपच्या शर्यतीत असला तर जेम्स लीफ्सकडे पोचेपर्यंत हंगामाचा मोठा तुकडा उलटून गेलेला असे, आणि बाकीचे दोन महिने बर्फावर घालवून तयार झालेले असत. नोव्हेंबर 1959 चा तो ग्रे कप खेळून तो टोरोंटोतच हॉकीला लागला आणि एप्रिल 1960 मध्ये स्टॅनले कपच्या (नॅशनल हॉकी लीगच्या अजिंक्यपदाच्या) अंतिम फेरीत माँट्रियल कनेडियन्सविरुद्ध होता. एकाच हंगामात ग्रे कप आणि स्टॅनले कपची अंतिम फेरी खेळलेला तो एकमेव खेळाडू. लीफ्स ती फेरी 4–0 अशी हरले, तेही लिहा. त्याने दोन्ही चषक एकाच हंगामात जिंकले, अशी समजूत यातूनच पसरते.

कुणी विचारेल की दोन खेळ कशाला? त्या काळी फुटबॉलच्या पगारावर वर्ष निघत नसे आणि हिवाळ्यात काहीतरी काम करणं ही बहुतेक खेळाडूंची रीतच होती. कुणी विमा विकायचा, कुणी शाळेत शिकवायचा. जेम्सचं हिवाळी काम हॉकी होतं, एवढाच फरक.

नावांच्या गफलती दोन-तीन आहेत. पश्चिमेत सर्वाधिक यार्ड पळणाऱ्याला एडी जेम्स स्मृतिचषक देतात. तो जेरीच्या नावाचा नाही, त्याच्या वडिलांच्या नावाचा आहे. एडी ‘डायनामाइट’ जेम्स हेही नावाजलेले खेळाडू होते आणि म्हणूनच पोराला ‘किड डायनामाइट’ म्हणायचे. दोघंही कॅनेडियन फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये आहेत. ‘जेम्स चषक’ वाचून तो जेरीने जिंकला असं लिहू नका. 1957 मध्ये तो ब्राइटकडे गेला.

दुसरं म्हणजे, 1958 च्या आधीच्या घटनांना ‘कॅनेडियन फुटबॉल लीग’ म्हणू नका. ती लीग त्या वर्षी त्या नावाने उभी राहिली. त्याआधी पश्चिमेची वेगळी संघटना होती, पूर्वेची वेगळी, आणि ग्रे कपला त्यांचे विजेते भेटायचे. आजचे तक्ते सोयीसाठी सगळं एकाच नावाखाली दाखवतात.

संघाची नावं त्या काळातली ठेवा. एडमंटनचा संघ तेव्हा एस्किमोज होता. ते नाव 2020 मध्ये सोडलं आणि 2021 पासून तो एल्क्स झाला. ‘एस्किमोज (आताचा एल्क्स)’ असं एकदा लिहिलं की पुढे नुसतं एडमंटन पुरतं. यार्डांचं मीटरमध्ये रूपांतर करू नका, या खेळात ते एकक नियमाचा भाग आहे. फार तर एकदा सांगा की 110 यार्ड म्हणजे सुमारे 100 मीटर. आणि लेखाच्या पहिल्याच ओळीत हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे हे स्पष्ट करा, नाहीतर वाचक ‘हाफबॅक’ वाचून मोहन बागानच्या मधल्या फळीपाशी पोचेल.

संघाने जिंकलेले चषक आणि खेळाडू प्रत्यक्ष मैदानावर असलेले सामने वेगवेगळे तपासा. चार ग्रे कप विजेत्या संघांत त्याचं नाव येतं; प्रत्येक अंतिम सामन्यात त्याने काय केलं ते त्या-त्या सामन्याच्या गुणपत्रकावरूनच लिहायचं. 1961 चा सामना त्यासाठी मुद्दाम बघा. विनिपेग 21, हॅमिल्टन 14, ग्रे कपच्या इतिहासातला जादा वेळेत गेलेला पहिला सामना. जादा वेळेतला विजयी टचडाऊन प्लोएनचा, पण सामना तिथवर ओढून नेण्यात जेम्सचा टचडाऊन आणि त्याचे फील्ड गोल, दोन्ही आहेत. हाफबॅक आणि किकर ही त्याची दोन्ही कामं एकाच दुपारी दिसतात.

या सगळ्यातून पहिला परिच्छेद साधारण असा होईल, हवा तसा बदलून घ्या: “जेरी जेम्स (22 ऑक्टोबर 1934, रेजायना – 2024) हा कॅनेडियन फुटबॉलमधील हाफबॅक आणि किकर होता. 1952 ते 1962 विनिपेग ब्लू बॉम्बर्स आणि 1964 मध्ये सस्कॅचेवान रफरायडर्स या संघांकडून खेळताना त्याने 645 गुण मिळवले (63 टचडाऊन, 1955 पर्यंतच्या टचडाऊनला पाच आणि त्यानंतरच्याला सहा गुण). 1957 मध्ये 16 सामन्यांच्या हंगामात पळून केलेले 18 टचडाऊन हा विक्रम 2000 पर्यंत टिकला. हिवाळ्यात तो टोरोंटो मेपल लीफ्सकडून हॉकी खेळत असे.” कंसातली ती पाच-सहा गुणांची टीप काढू नका. तुमच्यासारखाच कुणीतरी बेरीज करून बघणार आहे.